मोठ्यांमधले जन्मजात हृदयदोष : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न वाचकांचेच आहेत. शब्द थोडे सारखे केले, आशय तोच ठेवला. एकाच उत्तरात सगळे कोंबण्याऐवजी जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. हे वाचून औषध सुरू किंवा बंद करू नका. डॉक्टरांना काय विचारायचे, ते मात्र इथून जरूर घ्या.

१. दोष जन्मजात आहे म्हणता, मग तो मला पंचेचाळिसाव्या वर्षी कसा सापडला?

कारण काही दोष वर्षानुवर्षे गप्प बसतात. नेहमीचे उदाहरण म्हणजे वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातले छिद्र, म्हणजेच एएसडी. या दोन कप्प्यांतल्या दाबात फारसा फरक नसतो. त्यामुळे रक्त डावीकडून उजवीकडे हळूच सरकते, मोठा आवाज होत नाही, लहानपणी बाळ छान वाढते आणि शाळेच्या तपासणीतही काही ऐकू येत नाही. उजवी बाजू मात्र रोज जास्तीचे रक्त फुप्फुसात ढकलत राहते आणि हळूहळू फुगते. चाळिशीनंतर रक्तदाबामुळे आणि वयामुळे खालचा डावा कप्पा ताठर होऊ लागला, की छिद्रातून जाणारे रक्त आणखी वाढते. मग दम लागतो, धडधड सुरू होते. दोष जुनाच असतो, तक्रार तेवढी नवी.

२. हे दोष किती जणांना असतात? मोठेपणी कोणते सापडतात?

जन्मणाऱ्या दर १००० बाळांपैकी साधारण ८ ते ९ बाळांना हृदयाचा काही ना काही जन्मजात दोष असतो. या आकड्यात न धरला जाणारा, पण सर्वांत जास्त आढळणारा दोष म्हणजे महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असणे. तो १०० पैकी १ ते २ जणांत असतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो. मोठेपणी नव्याने सापडणाऱ्यांत एएसडी, महाधमनी एका जागी अरुंद असणे (कोआर्क्टेशन), छोटा व्हीएसडी (खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातले छिद्र), न मिटलेली पीडीए (महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी जोडणारी गर्भातली नळी) आणि एब्स्टाइनची झडप (उजव्या कप्प्यांमधली, जन्मतः खाली सरकलेली झडप) हे दोष येतात. आणखी एक विलक्षण प्रकार आहे. त्यात दोन्ही खालचे कप्पे आणि दोन्ही मोठ्या धमन्या अदलाबदल झालेल्या असतात, दोन चुका एकमेकींना सांभाळून घेतात आणि माणूस पन्नाशीपर्यंत व्यवस्थित चालतो. पुढे कधीतरी हृदयाचे ठोके मंदावतात आणि पेसमेकर बसवण्यासाठी केलेल्या तपासणीत हे कोडे उलगडते.

३. मला काहीच त्रास नाही. तरी काळजी करायची का?

«त्रास नाही» या उत्तरावर आम्ही फारसा विश्वास ठेवत नाही, राग मानू नका. ज्याला जन्मापासून दम लागतो, त्याला दम न लागणे कसे असते हेच ठाऊक नसते. «मी पहिल्यापासूनच जरा हळू चालतो», «मला खेळांची आवडच नव्हती» अशी वाक्ये नेहमी ऐकू येतात. म्हणून चालण्याच्या पट्ट्यावर किंवा सायकलवर तोंडाला मास्क लावून प्राणवायूचा वापर मोजणारी चाचणी करतात. माणूस स्वतःबद्दल काय समजतो आणि त्याचे शरीर काय सांगते, यातली तफावत त्यात आकड्यांनी दिसते. बाकी दम, धडधड, चक्कर, पायांवर सूज, ओठ-नखे निळसर होणे आणि तरुण वयातला उच्च रक्तदाब ही लक्षणे दुर्लक्ष करण्यासारखी नाहीत.

४. रिपोर्टवर «पीएफओ» लिहिले आहे. म्हणजे माझ्या हृदयाला छिद्र आहे?

तसे नाही. गर्भात असताना प्रत्येकाच्या वरच्या पडद्यात एक झाकण असते आणि जन्मानंतर ते चिकटून बंद होते. साधारण चारपैकी एका माणसात ते पूर्ण चिकटत नाही, यालाच पीएफओ म्हणतात. पडद्याचा तुकडाच नसेल तर ती एएसडी, आणि झाकण नुसते सैल असेल तर तो पीएफओ. त्यामुळे हृदय फुगत नाही आणि बहुतेकांना काहीच करावे लागत नाही. अपवाद एकच नीट लक्षात ठेवा. साठीच्या आत पक्षाघात झाला, सगळ्या तपासण्या करूनही दुसरे कारण सापडले नाही, तर मेंदूच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांनी मिळून तो बंद करण्याचा विचार करावा.

५. इको झाला होता, तरी आता एमआरआय, सीटी आणि कॅथेटर सांगितले आहे. एवढे कशाला?

प्रत्येक तपासणी वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. छातीवरून केलेला इको म्हणजे सुरुवात. त्यात झडपा, कप्पे आणि रक्ताचा वेग दिसतो. मोठ्या माणसात मात्र फुप्फुस आणि छातीची जाडी आड येते. पडद्याचा मागचा भाग पाहायचा असेल तर अन्ननलिकेतून इको करतात. उजव्या कप्प्याचे नेमके आकारमान आणि झडपेतून किती रक्त मागे गळते हे एमआरआय सर्वांत चांगले सांगतो. रक्तवाहिन्यांचा नकाशा सीटीवर स्वच्छ येतो. पेसमेकर किंवा धातूमुळे एमआरआयची प्रतिमा बिघडत असेल तरीही सीटीच कामाला येतो. फुप्फुसातला दाब आणि रक्तवाहिन्यांचा विरोध खात्रीने मोजायचा तर कॅथेटरच (रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नेलेली बारीक नळी) लागतो. छिद्र बंद करायचे की नाही, हे पुष्कळदा त्या एका आकड्यावर ठरते (प्रश्न ७ आणि १० पाहा).

साधा ईसीजीही कमी समजू नका. फॅलोच्या (खालच्या पडद्यातले छिद्र आणि फुप्फुसाकडची अरुंद वाट एकत्र असलेला दोष) ऑपरेशननंतर ईसीजीवरचा क्यूआरएस, म्हणजे खालच्या कप्प्यांत वीज पसरायला लागणारा वेळ, १८० मिलिसेकंदांवर गेला असेल, तर जीवघेण्या ठोक्यांचा धोका वाढलेला असतो.

६. इकोत छिद्र दिसत नाही, पण हृदयाची उजवी बाजू मोठी आहे म्हणतात. हे कसे?

हा प्रश्न आम्हाला आवडतो, कारण इथेच निदान सर्वांत जास्त निसटते. एएसडीचा एक प्रकार पडद्याच्या मधोमध नसतो. वरच्या मोठ्या शिरेच्या तोंडाशी, अगदी कोपऱ्यात असतो. त्याला सायनस व्हेनोसस म्हणतात. छातीवरून केलेल्या इकोत तो कोपरा सहसा दिसत नाही. त्याच्यासोबत बहुधा उजव्या फुप्फुसाची एखादी शीर डाव्या कप्प्याऐवजी उजवीकडे उघडलेली असते. रिपोर्टवर «छिद्र नाही» आणि «उजवी बाजू मोठी» ही दोन वाक्ये एकत्र असतील, तर दुसऱ्या वाक्याचे कारण सापडेपर्यंत पहिल्यावर विसंबू नये. अन्ननलिकेतून इको, सीटी किंवा एमआरआय मागावा. हलवलेले सलाइन शिरेत देऊन बुडबुडे कुठे जातात ते पाहणे हाही सोपा मार्ग आहे.

७. छिद्र सापडले, मग ते बंद करायलाच हवे का?

नेहमीच नाही. एएसडीत दोन गोष्टी पाहतात. उजवी बाजू फुगली आहे का, आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या अजून मऊ आहेत का. पहिल्याचे उत्तर «हो» आणि दुसऱ्याचेही «हो» असेल, तर त्रास नसला तरी छिद्र बंद करणे योग्य. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा विरोध ३ वुड युनिटच्या (हा विरोध मोजायचे माप) आत असेल तर निर्णय सोपा. ३ ते ५ च्या दरम्यान अनुभवी केंद्रात विचार करून ठरवतात. त्यापुढे आधी औषधे देऊन तो उतरतो का ते पाहावे लागते.

खालच्या पडद्यातला छोटा व्हीएसडी मात्र स्टेथोस्कोपमध्ये कान फाडणारा आवाज करतो आणि पुष्कळदा निरुपद्रवी असतो. आवाज मोठा म्हणजे दोष मोठा असे नसते, उलट छिद्र लहान असले की आवाज जास्त. तो तसाच ठेवता येतो. फक्त शेजारची महाधमनीची झडप गळू लागली नाही ना, हे अधूनमधून पाहायचे.

८. आईचे वय ६८ आहे. या वयात एएसडी बंद करून काय मिळणार?

बरेच काही. दम कमी होतो, उजवी बाजू आकुंचन पावते, चालणे वाढते. मात्र दोन गोष्टी आधीच समजून घ्या. एक, अनियमित धडधड (एट्रियल फिब्रिलेशन) आधीपासून असेल तर छिद्र बंद केल्याने ती जात नाही, रक्त पातळ करायची गोळी सुरूच राहते. दोन, हे जास्त महत्त्वाचे. या वयात डावा कप्पा ताठर असतो आणि ते छिद्र त्याच्यासाठी सुटकेची वाट असते. ती वाट एकदम बुजवली तर रक्त मागे फुप्फुसात तुंबून पाणी भरू शकते. म्हणून आधी फुग्याने छिद्र काही मिनिटे झाकून दाब किती चढतो ते पाहतात. चढला तर काही दिवस औषधे देऊन पुन्हा प्रयत्न करतात, किंवा छिद्र अर्धवट उघडे ठेवतात. या चाचणीबद्दल डॉक्टरांना नक्की विचारा.

९. छत्रीने बंद करता येईल का ऑपरेशनच लागेल?

छिद्र पडद्याच्या मध्यावर असेल आणि छत्री (मिटवून आत नेता येणारी धातूच्या जाळीची चकती) धरून ठेवायला सभोवती पुरेशी कड असेल, तर मांडीच्या शिरेतून छत्री नेऊन ते बंद करता येते. असा पहिला प्रयोग १९७६ साली प्रसिद्ध झाला. आता मध्यावरच्या छिद्रासाठी हीच पहिली पसंती आहे. छिद्र खालच्या बाजूला, झडपांना लागून असेल (प्रायमम), किंवा प्रश्न ६ मधल्यासारखे कोपऱ्यात असेल, तर सहसा ऑपरेशनच. एएसडीचे ऑपरेशन ही जुनी, सवयीची गोष्ट आहे. जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी हार्ट-लंग यंत्र वापरून पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, ती एएसडीचीच होती.

छत्रीनंतर निदान सहा महिने अ‍ॅस्पिरिन, सुरुवातीला सोबत दुसरी गोळी, आणि काही आठवडे जड उचलणे बंद. छत्रीच्या धातूत निकेल असते. त्याची तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. एमआरआय करता येतो, पण छत्रीचे कार्ड जवळ असू द्या.

१०. डॉक्टर म्हणतात, आता छिद्र बंद केले तर जीवावर बेतेल. आधी बंद करायचे होते, आता नाही, असे का?

याला आयझेनमेंगर सिंड्रोम म्हणतात. व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी १८९७ मध्ये असा रुग्ण वर्णन केला आणि पॉल वुड यांनी १९५८ मध्ये त्यामागचे गणित मांडले. मोठ्या छिद्रातून वर्षानुवर्षे जोराने रक्त गेल्याने फुप्फुसाच्या बारीक धमन्या जाड आणि अरुंद होतात. शेवटी फुप्फुसातला दाब शरीरातल्या दाबाएवढा किंवा जास्त होतो आणि रक्ताची दिशा उलटते. अशुद्ध रक्त शरीरात जाते, ओठ निळे पडतात. या अवस्थेत छिद्र म्हणजे उजव्या कप्प्याची दाब सोडायची वाट. ती बंद केली तर तो कप्पाच थकून बसतो.

उपाय नाही असे मात्र नाही. फुप्फुसातला दाब उतरवणाऱ्या बोसेंटनसारख्या औषधांनी चालण्याची ताकद वाढते, आणि काळजी घेतलेले अनेक जण दीर्घकाळ जगतात. काळजी म्हणजे नेमके काय, तर या गोष्टी:

हिमोग्लोबिन २० च्या वर आहे म्हणून घाबरून रक्त काढू नका. कमी प्राणवायूला शरीराने दिलेले ते उत्तर आहे. वारंवार रक्त काढल्याने लोह कमी होते आणि पक्षाघाताचा धोका उलट वाढतो. डोके जड होणे, नजर अंधुक होणे असा स्पष्ट त्रास असेल आणि शरीरात पाणी कमी नसेल, तेव्हाच अनुभवी डॉक्टर रक्त काढतात आणि तेवढेच सलाइन देतात. लोह कमी असेल तर हिमोग्लोबिन जास्त असतानाही ते द्यावे लागते. ऐकायला विचित्र वाटते, पण खरे आहे.

शिरेतून काहीही देताना नळीत हवेचा बुडबुडा राहू नये, कारण तो थेट मेंदूत जाऊ शकतो. तापासोबत डोके दुखू लागले तर मेंदूत गळू नाही ना हे आधी पाहायचे. उलट्या-जुलाबांत पाणी कमी पडू द्यायचे नाही. गर्भधारणेबद्दल प्रश्न १४ पाहा.

११. माझे ऑपरेशन लहानपणीच झाले. «आता बरे झाले» असे सांगितले होते. मग दरवर्षी तपासणी कशाला?

आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण हेच वाक्य घेऊन येतात, आणि चूक त्यांची नसते. त्या काळी डॉक्टरही तसेच समजत. १९४४ साली ब्लेलॉक, टॉसिग आणि व्हिव्हियन थॉमस यांच्या कामातून निळ्या बाळांसाठी पहिला शंट (फुप्फुसाकडे जास्त रक्त वळवणारा जोड) झाला, तेव्हा मूल जगले हेच मोठे होते. चाळीस वर्षांनी काय होईल हे सांगायला कोणी मोठे रुग्णच नव्हते. आता आहेत, म्हणूनच कळते की दुरुस्ती म्हणजे सुटका नव्हे.

फॅलोच्या ऑपरेशनात फुप्फुसाकडची अरुंद वाट मोकळी करतात. त्यात झडप बहुधा निकामी होते, रक्त मागे गळत राहते आणि उजवा कप्पा वाढत जातो. एमआरआयवर तो प्रति चौरस मीटर १६० मिलिलिटरच्या आसपास पोहोचला की नवी झडप बसवण्याचा विचार सुरू होतो. त्यासाठी दर वेळी छाती उघडावी लागत नाही. २००० सालापासून कॅथेटरने झडप बसवता येते.

धमन्यांची अदलाबदल असलेल्यांची जुनी ऑपरेशने, मस्टर्ड आणि सेनिंग, वरच्या कप्प्यांत रक्ताची दिशा बदलत. म्हणजे सगळ्या शरीराचा भार आयुष्यभर उजव्या कप्प्यावर, जो त्यासाठी बनलेलाच नाही. फोंटान ऑपरेशन (खालचा एकच कप्पा कामाचा असलेल्यांसाठीचे) झालेल्यांमध्ये अशुद्ध रक्त पंपाशिवाय थेट फुप्फुसात जाते, शिरांतला दाब कायम जास्त राहतो आणि यकृत हळूहळू कडक होत जाते. म्हणून हृदयाच्या डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी सांगितली तर चकित होऊ नका. कोआर्क्टेशन दुरुस्त झालेल्यांत रक्तदाब पुन्हा चढू शकतो आणि दुरुस्तीच्या जागी धमनी फुगू शकते.

लहानपणी पीडीए पूर्ण बंद झाली आणि बाकी सगळे ठीक आहे, अशांना खरोखरच फारसे यावे लागत नाही. एवढे मोकळेपणाने सांगावेच लागेल.

१२. जुनी फाइल हरवली आहे. आता कसे कळणार काय केले होते?

ऑपरेशनचा कागद हा तुमच्या आजाराचा अर्धा इतिहास असतो, म्हणून आधी जुन्या रुग्णालयाच्या नोंद विभागात चौकशी करा. नाहीच मिळाला तर व्रण बोलतात. छातीच्या मधोमध उभा व्रण म्हणजे बहुधा हृदय उघडून केलेले काम. काखेखालून पाठीकडे वळणारा व्रण म्हणजे शंट, पीडीए किंवा कोआर्क्टेशनची शक्यता. उरलेले सीटी आणि एमआरआय सांगतात. नवा कागद मिळाला, की फोटो काढून फोनमध्ये ठेवा.

१३. अचानक धडधड सुरू होते, नाडी नियमित १३० असते. थोडी विश्रांती घेतली तर चालेल?

ऑपरेशन झालेल्या हृदयात नाही. जुन्या टाक्यांभोवती विजेचे वळसे तयार होतात आणि ठोके नियमित पण जलद पडतात. नियमित असल्यामुळे कधी कधी तपासणाऱ्यालाही ते ताण किंवा तापाचे ठोके वाटतात. बसल्या जागी नाडी एकाच आकड्यावर अडकून राहिली असेल, तर त्याच वेळी ईसीजी काढून घ्या आणि जुन्या ईसीजीशी ताडून पाहा. फोंटान, मस्टर्ड किंवा सेनिंग झाले असेल तर ही तातडीची बाब आहे, सकाळपर्यंत थांबू नका. चक्कर येऊन पडलात तर कोणताही दोष असो, लगेच रुग्णालय गाठा.

१४. मला मूल हवे आहे. धोका किती?

उत्तर दोषावर अवलंबून, आणि ते गर्भधारणेच्या आधीच मिळायला हवे. गरोदरपणात रक्ताचे प्रमाण ४० ते ५० टक्के वाढते. बंद केलेला एएसडी किंवा छोटा व्हीएसडी असलेल्या बहुतेक स्त्रिया हे सहज पेलतात. फॅलोचे चांगले ऑपरेशन झालेल्या स्त्रियाही देखरेखीखाली पेलतात. आयझेनमेंगर किंवा फुप्फुसातला जास्त दाब, शरीराला रक्त पुरवणारा कप्पा खूपच कमजोर असणे, डाव्या बाजूची झडप त्रास होण्याइतकी अरुंद असणे, या स्थितींत गर्भधारणा टाळण्याचाच सल्ला दिला जातो. आयझेनमेंगरमध्ये तर आईच्या मृत्यूचा धोका फार मोठा आहे, तो गोड शब्दांत सांगून उपयोग नाही.

बोसेंटन आणि रक्तदाबाच्या «प्रिल»ने संपणाऱ्या गोळ्या बाळाला घातक आहेत, त्या आधीच बदलाव्या लागतात. धातूची झडप असेल तर रक्त पातळ करायच्या औषधाची योजना आधीच ठरवावी लागते. आणि उलट बाजू: इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या निळेपणा असलेल्या आणि फोंटान झालेल्या स्त्रियांनी टाळाव्यात, गुठळ्या होतात. तांबी बसवायची तर अशा स्त्रियांनी ती रुग्णालयातच बसवून घ्यावी.

१५. माझ्या मुलांनाही होईल का?

सर्वसाधारण धोका १०० मध्ये १ धरला, तर आई किंवा वडिलांना दोष असताना तो ढोबळमानाने ३ ते ५ होतो, आईला असेल तर थोडा जास्त. म्हणजे बहुतेक मुले निरोगीच जन्मतात. २२ क्रमांकाच्या गुणसूत्राचा तुकडा नसणे किंवा मारफान (शरीराच्या आधार देणाऱ्या ऊतींचा आनुवंशिक आजार) यांसारखे कारण असेल तर मात्र शक्यता निम्मी. १८ ते २२ आठवड्यांत गर्भाचा इको करून घ्या. महाधमनीच्या झडपेला दोन पाकळ्या असतील तर सख्ख्या भावंडांचा आणि मुलांचाही एकदा इको करावा.

१६. दात काढायचा आहे. आधी अँटिबायोटिक घ्यायचे का?

सगळ्यांनी नाही. कृत्रिम झडप, पूर्वी हृदयाच्या अस्तराला झालेला संसर्ग, ऑपरेशन न झालेला निळेपणाचा दोष, छत्री किंवा पॅच बसवल्यानंतरचे पहिले सहा महिने, किंवा त्याच्या कडेने अजून रक्त गळत असणे, यांपैकी काही असेल तरच. साध्या एएसडीला गरज नाही. हिरड्यांतून रोज रक्त येत असेल तर दंतवैद्याकडच्या एका गोळीपेक्षा रोजची स्वच्छता जास्त वाचवते. आणि ताप आठवडाभर टिकला, तर आधी रक्ताचे कल्चर घ्या, मग अँटिबायोटिक. क्रम उलटा झाला तर जंतू सापडत नाही.

१७. व्यायाम करू का?

करा. प्रश्न ३ मधल्या चाचणीवरून किती ते ठरवून घ्या. बोलता येईल इतपत वेग बहुतेकांना चालतो. श्वास रोखून जड वजन उचलणे कोआर्क्टेशन आणि फुगलेल्या महाधमनीत टाळावे.

१८. पित्ताशयाचे ऑपरेशन आहे. भूल देणाऱ्यांना काय सांगायचे?

सगळे सांगायचे, तेही आधी. निळेपणा असलेल्यांत पित्तखडे तसेही जास्त होतात, त्यामुळे हा प्रश्न वारंवार येतो. फोंटान झालेल्यांत रक्त फुप्फुसात जायला छातीतला कमी दाब मदत करतो. कृत्रिम श्वासाने आणि पोटात भरलेल्या वायूने तो दाब वाढतो. आयझेनमेंगरमध्ये भुलीने रक्तदाब उतरला तर प्राणवायू झपाट्याने घसरतो. अशांचे छोटे ऑपरेशनही जन्मजात दोषांचा अनुभव असलेल्या केंद्रातच व्हावे.

१९. एका हातात रक्तदाब १००, दुसऱ्यात १५०. यंत्र बिघडले का?

कदाचित तुमचा इतिहास बोलतोय. मूळ पद्धतीच्या ब्लेलॉक शंटमध्ये हाताकडे जाणारी धमनी कापून फुप्फुसाकडे वळवत, त्या हाताची नाडी कायमची मंद राहते. कोआर्क्टेशनच्या काही दुरुस्तींत डाव्या हाताची धमनी वापरली जाते. अशांचा रक्तदाब कमी आकड्याच्या हातावर मोजत राहिले, तर खरा उच्च रक्तदाब वर्षानुवर्षे लपून राहतो. जास्त येतो तो आकडा खरा माना आणि पायाचाही एकदा मोजून घ्या. हातापेक्षा पायाचा दाब २० किंवा अधिकने कमी असेल तर महाधमनी अरुंद आहे का ते पाहायला हवे.

ऑक्सिमीटरचेही असेच. पीडीएमुळे आयझेनमेंगर झाला असेल तर उजव्या हाताच्या बोटावर ९६ आणि पायाच्या बोटावर ८२ दिसू शकते. दोन्ही बरोबर असतात, कारण अशुद्ध रक्त हाताकडची फांदी गेल्यानंतर मिसळते. आणि ज्यांचा नेहमीचाच आकडा ८४ आहे, त्यांनी तो कागदावर लिहून पाकिटात ठेवावा, म्हणजे अपघात विभागात पहिली पंधरा मिनिटे त्या आकड्याच्या मागे धावण्यात जाणार नाहीत.